अंकोलेत पाळणा हलतो तेव्हा

१९९७ साली युगांडाच्या सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केलं, ते एक अट घालून. घरटी चार मुलांची फी माफ, आणि त्यांत दोन मुली असाव्यात. शाळा ओसंडून वाहू लागल्या. आदल्या वर्षी ३० लाखांच्या आसपास असलेली पटसंख्या ५० लाखांच्या वर गेली. चारचा आकडा मात्र फार काळ टिकला नाही. त्या काळी देशात बाईमागे सरासरी सात मुलं होत होती. सातांतली चार कोणती निवडायची? नवऱ्याच्या दोन बायका असतील तर चार कुणाची? वारलेल्या भावाची पोरं घरात वाढत असतील तर ती कुणाच्या खात्यावर मांडायची? सरकारी कागदावरचं घर नवरा, बायको आणि त्यांची मुलं एवढ्यावर संपत होतं. देशाच्या नैर्ऋत्येकडच्या अंकोलेत घर एवढ्यावर कधीच संपलं नव्हतं.

किती मुलं व्हावीत हा तिथे जोडप्याच्या खोलीतला प्रश्न नव्हताच. त्यात सासऱ्याच्या गायी होत्या, आत्याची जबाबदारी होती, कुळाचं नाव होतं, केळीच्या बागेची वाटणी होती. बाहेरून आलेल्यांनी या सगळ्यावर ‘परंपरा’ असा एकच शिक्का मारला आणि ती कधी बदलत नाही असं धरून चालले. अंकोलेचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हे धरून चालणं चुकीचं ठरतं. एकाच राजाच्या छत्राखाली राहणाऱ्या, एकच भाषा बोलणाऱ्या दोन समाजांत मुलांचा हिशोब दोन तऱ्हांनी मांडला जाई. आणि तो हिशोब गुरं, जमीन, रोगराई, शाळा यांच्या चालीने सरकत राहिला.

आजच्या म्बारारा शहराभोवतीचा टेकड्यांचा आणि गवताळ माळांचा मुलूख म्हणजे जुनं न्कोरे राज्य. रुहिंडा या मूळपुरुषाचं नाव सांगणारं हिंडा घराणं इथे राज्य करी. राजाला म्हणत ‘ओमुगाबे’. १९०१ साली इंग्रजांनी करार करून बुहवेजू, इगारा अशी शेजारची छोटी राज्यं न्कोरेला जोडली आणि या वाढलेल्या प्रदेशाचं नाव अंकोले पडलं. इथले लोक बन्यानकोले, त्यांची भाषा रुन्यानकोरे. लांब शिंगांच्या गुरांवर जगणारे ते बाहिमा, शेती करणारे ते बाइरू. बाहिमा संख्येने थोडे, पण सत्ता त्यांच्या हाती. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात या राज्याचा एक नियम नोंदवला आहे: बाइरूने दुभती, विणारी गाय बाळगायची नाही. भाकड गाय किंवा गोऱ्हा चालेल. बाहिमा आणि बाइरू यांच्यात लग्नही होत नसे.

लग्न गायींच्या देजावर, म्हणजे वराकडून वधूच्या माहेरी जाणाऱ्या मोलावर लागतं आणि विणारी गाय एकाच वर्गाच्या गोठ्यात राहते. या एका नियमाने पुढचं पुष्कळ काही ठरवून टाकलं.

बाहिमांच्या घरात मुलगी आठेक वर्षांची झाली की तिचं बाहेर हुंदडणं बंद होई. जॉन रॉस्को या मिशनऱ्याने १९१९-२० मध्ये या भागात फिरून टिपणं केली आणि १९२३ साली ‘द बन्यान्कोले’ या पुस्तकात छापली. त्यात या कोंडून ठेवण्याचं वर्णन आहे. मुलीने झोपडीत बसायचं, हालचाल कमी करायची आणि दूध प्यायचं. पोट भरलं म्हणून थांबायचं नाही, समोरचं भांडं संपवायचं. हे भांडं म्हणजे एक्यान्झी. एका लाकडातून कोरून काढलेलं, निमुळत्या गळ्याचं, वर विणलेलं टोकदार झाकण. ते धुऊन, सुगंधी गवताच्या धुरावर धरून ठेवणं हे बायकांचं काम, आणि त्या धुराचा वास दुधाला लागलेला असे. लग्नाच्या वेळेपर्यंत मुलगी इतकी स्थूल व्हावी की तिला नीट चालता येऊ नये, ही अपेक्षा.

नाईलचा उगम शोधत निघालेला जॉन हॅनिंग स्पीक १८६१ च्या अखेरीस दक्षिणेकडच्या कारागवे राज्यात पोचला होता. तिथलं राजघराणंही रुहिंडाचाच वारसा सांगणारं. तिथे त्याने उभं राहता न येणारी राजघराण्यातली स्त्री पाहिली, टेप काढून तिच्या दंडाचं माप घेतलं, आणि शेजारी सोळा वर्षांची तिची मुलगी दूध पीत बसलेली पाहिली. मुलीने थांबू नये म्हणून बाप हातात काठी घेऊन बसला होता. परक्या बाईच्या दंडाला टेप लावणारी ही नजर आज खटकते आणि खटकावीच. पण काठी घेतलेला बाप खरा होता. लेकीचं अंग म्हणजे बापाच्या कळपाची जाहीर मोजदाद होती. इतकं दूध आहे, आणि लेकीला कुठलंही काम करावं लागत नाही, हे दाखवणारी मुलगी मोठ्या देजाची धनीण ठरे. तिच्या कुशीची किंमत ती वयात येण्याआधीच मांडली जात होती.

बाईची कूस आणि गायीची कास एकमेकींशी बांधलेल्या आहेत, हा बाहिमांचा पक्का समज. म्हणून बाईने गाय दोहायची नाही, चरायला न्यायची नाही. विटाळाच्या दिवसांत तिने कळपाचं दूध प्यायचं नाही. प्यायचंच तर वेत संपलेल्या म्हाताऱ्या गायीचं, म्हणजे झालंच नुकसान तर विणाऱ्या गायींचं होणार नाही. इत्झाक एलाम यांचा बाहिमा स्त्रियांवरचा अभ्यास १९७३ साली पुस्तकरूपाने आला. गाय आणि बाई यांना एकमेकींपासून दूर ठेवणारे हे निर्बंध त्याच्या केंद्रस्थानी आहेत. कळपाच्या वाढीवर घर चालत होतं, आणि त्या वाढीला कशाची दृष्ट लागेल याची धास्ती सगळ्यात आधी बाईच्या शरीरावर येऊन थांबत होती.

मूल कुणाचं, याचं उत्तरही गायीच देत. ज्याने देज दिलं, त्याचं मूल. रॉस्को लिहितो की गरीब बाहिमा भाऊ कधीकधी गायी एकत्र करून एकच बायको करत. रक्ताचा बाप कोण हा प्रश्न अशा घरात दुय्यम होता. कुळाच्या खात्यात मूल जमा झालं की काम झालं. कळप राखायला हात थोडे पुरतात, पण बापामागे कळपाच्या वाटण्या मात्र मुलांच्या संख्येइतक्या होतात. मोठ्या कुटुंबाची ओढ इथे शेतकऱ्यांइतकी नसावी, त्याचं कारण यातच असावं. शेतकऱ्यांच्या मानाने बाहिमांची संख्या वाढत नाही, हे वसाहतकाळातल्या डॉक्टरांच्या आणि अधिकाऱ्यांच्याही नजरेत आलं होतं.

बाइरूंच्या घरात सगळं उलटं. त्यांचं मुख्य धान्य नाचणी. कोकणात आणि मावळात पिकणारी नाचणी मूळची याच पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ पट्ट्यातली, त्यामुळे तिचं काम किती किचकट हे मराठी शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. खुरपणी, पाखरं राखणं, कणसं खुडणं, झोडपणं. ही सगळी बायकामुलांची कामं. शिवाय केळीची बाग, बकऱ्या, पाणी आणि सरपण. बाइरूंचं देज बकऱ्या, कुदळी आणि दारू यांत दिलं जाई. ते गायींच्या देजाइतकं भारी नव्हतं. त्यामुळे ज्याच्याकडे जमीन, त्याला दुसरी बायको परवडे आणि प्रत्येक बायकोमागे कामाचे हात वाढत. मुलगी झाली तर तिच्या लग्नात आलेल्या बकऱ्यांवर भावाचं लग्न निघे. मुलगा झाला तर बापाचा गोतावळा टिके. कुठलंही मूल घरावर ओझं नव्हतं, फक्त ते जगायला हवं.

आणि ती जगतील याची खात्री नव्हती. म्हणून चार हवी असतील तर सात होऊ द्यायची, हा हिशोब अडाणीपणाचा म्हणता येणार नाही.

हा हिशोब नव्या पिढीपर्यंत पोचवायचं काम आत्याचं. रुन्यानकोरेत तिला इशेंकाझी म्हणतात: बापाची बहीण. आईने लेकीशी अशा गोष्टी बोलायच्या नाहीत, आत्यानेच बोलायच्या. लग्न ठरलं की नवऱ्याशी कसं वागायचं, पाळी चुकली तर काय करायचं, बाळंतपणात काय पाळायचं, हे सगळं तिच्याकडून. मुलीचं पाऊल वाकडं पडलं तर पहिला ठपका आत्यावर, आणि सासरी जाऊन वर्ष लोटलं तरी काही हालचाल नसेल तर विचारणाही आत्याकडे. इशेंकाझीबद्दल चटकदार गोष्टी जगभर फिरत असतात आणि त्यांतच तिचं खरं काम झाकलं जातं. ती मुलीच्या बाजूने बोलणारी एकमेव मोठी बाई होती. आणि मुलीला मुलांच्या संख्येच्या वाटेवर नेऊन सोडणारीही तीच होती.

पहिलं बाळंतपण बाईच्या आईच्या देखरेखीखाली होई. त्यानंतरच्या कोंडून राहण्याच्या दिवसांना एकिरिरी म्हणत. मुलगा झाला तर चार दिवस, मुलगी झाली तर तीन. बाळ जेमतेम डोळे उघडतं तोवरच मुलगा-मुलगी हा भेद दिवसांत मोजला जाई. हे दिवस संपले की नवरा-बायको पुन्हा एकत्र येत. त्याला ‘ओकुच्वा एइझाइरे’ असं नावच आहे आणि तो विधीचाच भाग. आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या कित्येक समाजांत बाळंतिणीने वर्ष-दोन वर्षं नवऱ्यापासून दूर राहायचं असा दंडक असे, आणि दोन मुलांत अंतर त्यामुळेच पडे. अंकोलेत तो दंडक नव्हता. इथे अंतर पडे ते दीर्घकाळ अंगावर पाजण्याने. पुढे बाळाला लवकर वरचं द्यायला सुरुवात झाली तिथे हा एकमेव लगामही ढिला झाला. पाळणा लांबवायची जुनी सोय हातची गेली आणि नवी अजून घरात आलेली नव्हती.

नाव ठेवणं मुख्यतः बापाच्या हाती. जुळ्या मुलग्यांत थोरला काकुरू, धाकटा काटो, आणि जुळ्यांच्या पाठीवरचं कीझा. इतर नावं त्या घरावर त्या काळात काय गुदरलं ते सांगत. देव देतो, आपण आभार मानू, त्याच्यावर भरवसा ठेवू, अशी पुरी वाक्यंच नावं होऊन बसत: नुवागाबा, तुमुसीमे, तुमवेसिग्ये. देशाचे राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी बन्यानकोले, बाहिमा. १९४४ च्या सुमाराला जन्मलेल्या या मुलाचं नाव ‘किंग्ज आफ्रिकन रायफल्स’च्या सातव्या तुकडीत लढायला गेलेल्या गाववाल्यांवरून पडलं. महायुद्धसुद्धा असं पाळण्यात येऊन बसलं.

ज्या बाईला मूल होत नसे तिला एंगुम्बा म्हणत. तिची गोष्ट दोन ओळींत उरकण्यासारखी नाही. नवऱ्याने दुसरी करायची, हे तर उघडच होतं. पण तिला माहेरी पाठवलं तर देज परत मागितलं जाई. त्या गायी किंवा बकऱ्या तोवर तिच्या भावाच्या लग्नात खर्च झालेल्या असत. म्हणजे एका बहिणीची कूस रिकामी राहिली की भावाचा संसार डळमळे. मग माहेरचेच तिला म्हणत, परत जा, सोस, वैदूकडे जा, एमांद्वा दैवतांना साकडं घाल. दोष नवऱ्यात असू शकेल ही शक्यता या व्यवहारात सहसा विचारातच घेतली जात नसे. मुलं होण्याचा सगळा दबाव बाईवर का येतो याचं कारण सासूच्या स्वभावात शोधण्याआधी देजाच्या या परताव्यात शोधायला हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गुरांवर बुळकांड्याची साथ आली आणि पूर्व आफ्रिकेतले कळपच्या कळप मेले. पाठोपाठ मिशनरी आले. १९०२ साली ओमुगाबे काहाया आणि त्याचा मुख्य प्रधान नुवा म्बागुटा यांनी बाप्तिस्मा घेतला. चर्चने एकपत्नीत्व शिकवलं. दुसऱ्या बायका ‘नसलेल्या’ करायला सांगितलं. त्या बायकांनी आणि त्यांच्या मुलांनी जायचं कुठे याचं उत्तर त्या शिकवणीत नव्हतं. शेजारच्या बुगांडात त्याच काळात गुप्तरोग पसरले होते आणि पाळणे रिकामे राहताहेत म्हणून इंग्रज धास्तावले होते. कंपालात अल्बर्ट आणि कॅथरीन कुक या मिशनरी जोडप्याने सुईणी तयार करण्याची शाळा काढली, ती याच धास्तीतून.

इतिहासकार शेन डॉयल यांनी ‘बिफोर एचआयव्ही’ या २०१३ च्या पुस्तकात अंकोले, बुगांडा आणि टांझानियातला बुहाया हे तीन शेजारी मुलूख शेजारी शेजारी ठेवून पाहिले. चर्चच्या जन्म-लग्नांच्या नोंदवह्या धुंडाळून त्यांनी १९०० ते १९८० हा काळ उभा केला. बुगांडा आणि बुहाया इथे वांझपणाचं सावट दाट होतं. अंकोलेचे शेतकरी त्यातून बरेचसे वाचले आणि त्यांची संख्या वाढत गेली. तिन्हीकडचे रीतिरिवाज एकमेकांच्या जवळचे आहेत. नुसती ‘परंपरा’ पुढे करून हा फरक उलगडत नाही.

इथे एका मुंबईत जन्मलेल्या माणसाची आठवण काढायला हवी. महमूद ममदानी १९४६ साली मुंबईत जन्मले आणि कंपालात वाढले. १९७२ साली त्यांचं ‘द मिथ ऑफ पॉप्युलेशन कंट्रोल’ हे पुस्तक आलं. त्याच वर्षी इदी अमीनने आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं आणि ममदानींनाही जावं लागलं. पुस्तक पंजाबातल्या मनुपूर गावाबद्दल आहे. तिथे परदेशी संशोधकांनी कुटुंबनियोजनाचा मोठा प्रयोग केला आणि तो फसला. ममदानींनी दाखवलं की तिथल्या शेतकऱ्याला जास्त मुलं परवडत नव्हती असं नाही. कमी मुलं परवडत नव्हती. बाइरू शेतकऱ्याच्या अंगणात बसून हेच लिहिता आलं असतं.

युगांडात कुटुंबनियोजन संघटना १९५७ सालीच स्थापन झाली होती. तरी पुढली चाळीस वर्षं आकडा हलला नाही: १९९५ च्या पाहणीत एकूण जननदर ६.९, २०००-०१ च्या पाहणीतही ६.९. मग उतार लागला. २००६ मध्ये ६.७, २०११ मध्ये ६.२, २०१६ मध्ये ५.४, २०२२ मध्ये ५.२. २०१६ साली खेड्यांत तो ५.९ होता आणि शहरांत ४. मधल्या काळात काय बदललं? बालमृत्यू घटले. मुली शाळेत जाऊ लागल्या. प्राथमिक शाळा मोफत झाली तरी पुढच्या शाळेचा खर्च आला, आणि नाचणीच्या शेतातला हात वर्गात बसू लागला. इगारा, शीमा, बुशेन्यी या दाट वस्तीच्या भागात केळीच्या बागेचे तुकडे इतके लहान झाले की चौथ्या मुलाला काय द्यायचं हा प्रश्न बापालाच पडू लागला. उपदेशाने जे झालं नाही ते वाटणीने होऊ लागलं.

मुलगा हवाच, ही अट त्यामानाने चिवट. तिच्यामागे वारसा आहे. २००७ साली न्यायालयाने वारसा कायद्यातल्या स्त्रियांना डावलणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०२२ उजाडलं. तीन मुलींवर थांबलेल्या अंकोलेतल्या जोडप्याला ‘आता पुरे’ म्हणण्याचं बळ हा कायदा देईल, पण तो गावच्या बैठकीपर्यंत पोचला तर.

मोठा फरक पडावा असा निकाल आला ६ ऑगस्ट २०१५ रोजी. ‘मिफूमी’ या संस्थेने देजाच्या प्रथेविरुद्ध दाद मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने देज घटनाबाह्य ठरवायला नकार दिला, पण संसार मोडल्यावर ते परत मागणं घटनाबाह्य ठरवलं. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती जोथम तुमवेसिग्ये यांचं. परताव्याच्या अटीत बाईने संसारात घातलेली वर्षं शून्य धरली जातात, हे न्यायालयाने मान्य केलं. एंगुम्बा ठरलेल्या बाईला माहेरचं दार बंद करणारी कडी कायद्याने तरी निघाली.

अंकोलेत लग्नाआधीची पाठवणी, कुहिंगिरा, आजही थाटात होते. मंडप पडतात, दोन्हीकडचे बोलके वडीलधारे समोरासमोर बसून गायींची बोलणी करतात, पानात नाचणीच्या कारोसोबत तुपाचं एशाब्वे वाढलं जातं. गायींऐवजी पुष्कळदा नोटांचं पाकीट पुढे येतं, पण आकडा अजून गायींतच सांगतात. त्याच मंडपात इशेंकाझी नवरीच्या शेजारी बसलेली असते. कुटुंबनियोजनाची पत्रकं मात्र दवाखान्यात, पाचव्या-सहाव्या खेपेला आलेल्या एकट्या बाईच्या हातात पडतात. अंकोलेत मुलांची संख्या ठरवणारी माणसं त्या दवाखान्यात कधी आलीच नव्हती. त्यांच्याशी बोलायचं तर मंडपातच जायला हवं, आणि सुरुवात आत्यापासून करायला हवी.